घर बंद करून जानेवारीत भारतात जायचंय; डॅलसच्या थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून काय करावं?

प्लेनोकर

प्लेनोत (डॅलसच्या उत्तरेला) स्वतःचं घर आहे. जानेवारीत तीन आठवडे सगळेच पुण्याला जाणार, घर पूर्ण बंद. नेमक्या याच दिवसांत इथे कडाका पडतो, म्हणून आधीच विचारून ठेवतोय.

घराची माहिती: १९९८चं बांधकाम, एकमजली, काँक्रीटच्या स्लॅबवर, तळघर नाही. पाण्याचे पाइप बरेचसे तांब्याचे, अ‍ॅटिकमधून (छपराखालच्या पोकळीतून) फिरवून भिंतींतून खाली उतरवलेले. एक बाथरूम नंतर केलं, तिथे पेक्स (लवचीक प्लॅस्टिकची नळी) आहे. किचनचं सिंक उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीला. गॅसचा टाकीवाला वॉटर हीटर गॅरेजमध्ये. घर तापवायला हीट पंप (उलटा चालणाऱ्या एसीसारखं विजेचं यंत्र). बाहेर दोन नळ आणि लॉनचे स्प्रिंकलर.

प्रश्न असे:
१. सगळे नळ थेंबथेंब चालू ठेवून जावं, की मेन (शहराकडून येणाऱ्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह) बंद करून पाइप रिकामे करावेत?
२. थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवावा?
३. २०२१च्या फेब्रुवारीसारखी टेक्सासभर वीज गेली तर हे सगळं टिकेल का?
४. कुंड्यांत कढीपत्ता, तुळस, मोगरा आहे. त्यांचं काय?

जलवाहिनी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: घरात माणूस नसेल तर मेन बंद आणि पाइप रिकामे. थेंबथेंब हा घरात असणाऱ्यांचा उपाय आहे.

आधी पाइप फुटतो कसा ते पाहू, म्हणजे पुढच्या पायऱ्या पटतील. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पण बर्फ जिथे धरतो तिथे पाइप फुटतोच असं नाही. बर्फाचा बोळा पाइपमध्ये वाढत जातो आणि त्याच्या पुढचं, म्हणजे बोळा आणि बंद नळ यांच्यामधलं पाणी कोंडतं. शहराचा दाब एरवी ४० ते ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) असतो. त्या कोंडलेल्या तुकड्यात तो हजारावर जातो आणि जिथे सांधा कच्चा असेल तिथे पाइप फाटतो. नळ किंचित उघडा असला तर दाबाला वाट मिळते. थेंबथेंबाचा खरा फायदा हा आहे. वाहतं पाणी गोठत नाही ही समजूत अर्धीच खरी.

दुसरी गोष्ट, पाइप फुटतो तेव्हा घर भिजत नाही. बर्फ वितळला की भिजतं. म्हणून थंडी ओसरल्यावर दुपारी छतातून धार लागते.

धोका कधी? इलिनॉय विद्यापीठातल्या इमारत संशोधकांनी उघड्या पाइपांवर प्रयोग करून २० अंश फॅरनहाइट (उणे ७ सेल्सिअसच्या आसपास) ही सावधानतेची रेषा काढली आहे. ३२ला पाणी गोठतं हे खरं, पण भिंतीतला पाइप तिथपर्यंत यायला वेळ लागतो. वारा भिंतीच्या फटीतून थेट पाइपवर येत असेल तर मात्र २०च्या वरही गोठतो. १६ फेब्रुवारी २०२१ला डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर पारा उणे २ फॅरनहाइटला गेला होता, म्हणजे उणे १९ सेल्सिअस, आणि त्याआधी कित्येक दिवस तो ३२च्या वर आलाच नव्हता. तुमच्या अ‍ॅटिकमधल्या तांब्याला ते झेपणारं नाही.

आता रिकामं करायची पद्धत:

आधी मेन व्हॉल्व्ह शोधा आणि आजच तपासा. फुटपाथजवळच्या मीटरच्या पेटीत दोन व्हॉल्व्ह असू शकतात. मीटरच्या रस्त्याकडचा शहराचा असतो, त्याला शक्यतो हात लावू नका. घराकडचा तुमचा. काही घरांत तो गॅरेजच्या भिंतीत किंवा दाराजवळच्या जमिनीतल्या छोट्या पेटीत असतो. बंद करून घरातला एक नळ उघडा. पाच मिनिटांनंतरही बारीक धार येत असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. गोल चाकाचे जुने गेट व्हॉल्व्ह हेच करतात. निघण्याआधी प्लंबरकडून पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. थंडीची सूचना आल्यावर प्लंबर मिळत नाही.

निघायच्या दिवशी:

१. वॉटर हीटरचं बटण "व्हेकेशन" किंवा "पायलट"वर. टाकी रिकामी करायची गरज नाही. गॅरेजमध्ये पायलटच्या (सतत जळणाऱ्या छोट्या ज्योतीच्या) उबेवर ती निभावते. (ज्यांचा हीटर विजेचा आहे त्यांनी ब्रेकर पाडायचाच. टाकीतलं पाणी उतरलं आणि एलिमेंट कोरडा तापला तर तो काही क्षणांत जळतो.)
२. मेन बंद.
३. घरातले सगळे नळ उघडा, गरम आणि थंड दोन्ही. एकाच दांडीचा नळ असेल तर दांडी मधोमध. शॉवरही. हातातला शॉवर खाली टबात सोडा, लटकत ठेवू नका.
४. सगळ्यात शेवटी बाहेरचा, सर्वांत खालच्या पातळीचा नळ उघडा. वरून हवा शिरते आणि खालून पाणी निघतं. वरचे नळ उघडले नाहीत तर पाणी पाइपमध्ये अडून राहतं.
५. फ्लश करून टाक्या रिकाम्या. तळाशी उरलेलं पाणी स्पंजने काढा.
६. फ्रिजचा आइस मेकर बंद. कपडे धुण्याच्या मशिनच्या दोन्ही नळ्या काढून पाणी सोडा. डिशवॉशरचं एक रिकामं चक्र मेन बंद करण्याआधीच उरकून घ्या.
७. सिंक, टब, कमोड, सगळ्यांच्या खालच्या वळणात पाणी राहतंच आणि ते राहायला हवं, नाहीतर गटाराचा वास घरात येतो. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकांत पेलाभर गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) ओता. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं मुळीच नको, ते विषारी आहे.
८. नळ उघडेच ठेवून जा.

अ‍ॅटिकमधले आडवे पाइप कुठेकुठे झोळ घेतात, त्यात थोडं पाणी उरेल. दोन्ही टोकं उघडी असल्यामुळे त्याला फुगायला जागा असते, त्यामुळे सहसा काही होत नाही. अगदी निर्धास्त व्हायचं असेल तर बाहेरच्या नळाला कॉम्प्रेसर जोडून ३०-४० पीएसआयने हवा मारून घ्या. त्याहून जास्त दाब नको.

पेक्सबद्दल एक: पेक्सची नळी फुगते आणि बहुतेक वेळा वाचते, पण तिचे सांधे वाचतातच असं नाही. "आमच्याकडे पेक्स आहे" म्हणून निवांत राहू नये.

सरळमार्गी

इतकं करायची गरज आहे का? किचनचा आणि मास्टर बाथरूमचा नळ पेन्सिलच्या टोकाइतका बारीक सोडायचा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची, थर्मोस्टॅट ६५. बहुतेक लोक एवढंच करतात आणि बहुतेक हिवाळ्यांत काहीही होत नाही. तीन आठवड्यांचं पाण्याचं बिलही फार नसतं.

जलवाहिनी

@सरळमार्गी, घरात असाल तर तुमची पद्धत बरोबरच आहे. दोन दुरुस्त्या तेवढ्या: गरम आणि थंड दोन्ही बाजू सोडायच्या, कारण गरम पाण्याचा पाइपही त्याच अ‍ॅटिकमधून येतो. आणि मेनपासून सगळ्यात लांबचा नळ निवडायचा, म्हणजे पूर्ण लांबीत पाणी हलतं.

बंद घरात मात्र तीन अडचणी आहेत. एक, ड्रेन तुंबला तर तीच धार सिंकमधून जमिनीवर. दोन, २०२१मध्ये लाखो घरांनी नळ सोडले, हजारो ठिकाणी पाइप फुटले, पंपिंगची वीज गेली आणि शहरांचा पाण्याचा दाबच कोसळला. राज्यात एक कोटीहून जास्त लोकांना पाणी उकळून प्यायच्या सूचना होत्या. दाब गेला की थेंब थांबतो, पण पाइपात पाणी तसंच उभं असतं. तीन, पाइप फुटलाच तर चालू मेनमधून मिनिटाला कित्येक गॅलन पाणी घरात ओतलं जाणार आणि ते बंद करायला कोणी नसणार. मेन बंद असेल तर फुटलेल्या पाइपातून फार तर बादलीभर.

विम्याचंही पाहा. घरमालकाच्या पॉलिसीत बहुधा असं कलम असतं, की घर रिकामं असताना उष्णता चालू ठेवायची किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करायचे, तरच गोठण्याचं नुकसान भरून मिळतं. तुमच्या पॉलिसीतली नेमकी भाषा वाचा. मेन बंद केल्याचा, उघड्या नळांचा आणि थर्मोस्टॅटचा तारखेसह फोटो काढून ठेवा.

हवाबंद

थर्मोस्टॅटबद्दल. पाइप रिकामे केले असतील तर ५८-६० फॅरनहाइट पुरे. पाणी पाइपात असेल तर ६५च्या खाली नको. पण अ‍ॅटिकमधल्या पाइपला थर्मोस्टॅटचा आकडा कळत नाही, कारण घर आणि पाइप यांच्यामध्ये इन्सुलेशनची गादी आहे. दक्षिणेतल्या घरांची खरी अडचण हीच: ती उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. उत्तरेच्या कडक थंडीतल्या मिनेसोटात पाइप घराच्या उबेच्या आत ठेवतात, इथे उबेच्या बाहेर.

म्हणून अ‍ॅटिकमध्ये एकदा चढून बघा. पाइप इन्सुलेशनच्या वर उघडा पडला असेल तर चूक. इन्सुलेशन पाइपच्या वरून पसरायला हवं आणि पाइपखाली, म्हणजे पाइप आणि खोलीचं छत यांच्यामध्ये, ते नको. मग खोलीची ऊब पाइपला मिळते. फोमची नळी घातली असेल तरी वरून हे पांघरूण हवंच. नुसता फोम थंडी लांबवतो, ऊब निर्माण करत नाही. फोमचे कोपरे आणि टी-जोड उघडे राहतात तिथेच गोठतं, ते कापून टेपने बंद करा.

हीट पंपाचं:

– निघण्याआधी थर्मोस्टॅट "इमर्जन्सी हीट"वर टाकून दहा मिनिटं चालवा. जाळीतून येणारी हवा नेहमीपेक्षा स्पष्ट गरम लागली पाहिजे. नसेल तर आतली हीट स्ट्रिप (विजेवर तापणारी पट्टी) किंवा तिचा ब्रेकर गेलेला आहे. एरवी वर्षभर तिचं काम पडत नाही, त्यामुळे ती बंद पडलेली कळत नाही आणि कळते ती नेमकी १० अंशांना.
– फिल्टर नवा. थर्मोस्टॅटला बॅटरी असेल तर नवी. तीन डॉलरची बॅटरी संपली म्हणून हीटिंग बंद पडलेली घरं दर हिवाळ्यात सापडतात.
– रात्री कमी, दिवसा जास्त असं वेळापत्रक लावू नका, एकच आकडा "होल्ड" करा. कडाक्यात हीट पंपाला घर ५ अंश वर चढवायला जमत नाही, मग स्ट्रिप तासन् तास चालते.
– बाहेरच्या युनिटवर ताडपत्री टाकू नका. त्याला हवा हवी. अधूनमधून त्यातून दाट वाफ निघते ती डीफ्रॉस्टची (युनिटवरचा बर्फ वितळवण्याची) असते, आग नव्हे. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, नाहीतर ते ९११ला (आणीबाणीच्या नंबरला) फोन करतात.
– गोठत्या पावसाने युनिट पूर्ण बर्फाने वेढलं तर इमर्जन्सी हीटवर टाकायचं आणि बर्फ आपोआप वितळू द्यायचा. स्क्रूड्रायव्हरने ठोकू नये, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांमागेच यंत्राच्या शीतक गॅसची नळी असते.

ज्यांच्याकडे ९० टक्क्यांच्या वरच्या कार्यक्षमतेची गॅस फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आहे त्यांच्यासाठी: तिच्यातून पाणी ठिबकतं आणि ते नेणारी पांढरी नळी बाहेर किंवा अ‍ॅटिकमध्ये उघडी असेल तर गोठते. पाणी मागे तुंबतं, प्रेशर स्विच फर्नेस बंद करतो. घर गार होण्याचं हे फार साधं कारण आहे आणि लोक भलत्याच ठिकाणी शोधत बसतात.

तारयंत्र

प्रश्न ३. वीज जाण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत, ते वेगळे समजून घ्या.

पहिला, राज्यभराचा तुटवडा. १५ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे ईआरकॉटने (टेक्सासचं वीजग्रिड चालवणारी संस्था) भार तोडायला, म्हणजे लोडशेडिंगला, सुरुवात केली आणि तो २०,००० मेगावॉटपर्यंत गेला. गॅसच्या विहिरी, पाइपलाइनी, वीजकेंद्रांची उपकरणं गोठली, मागणी मात्र हिवाळ्यातल्या विक्रमावर. ग्रिडची वारंवारता ६० हर्ट्झवरून घसरली आणि ईआरकॉटच्याच सांगण्याप्रमाणे सगळं ग्रिड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती. टेक्सासचं ग्रिड शेजारच्या राज्यांशी जेमतेम जोडलेलं असल्याने बाहेरून मोठी मदत येणं शक्य नव्हतं. "आळीपाळीने" वीज जाणार असं ठरलं होतं, प्रत्यक्षात कित्येक घरांत ती दिवसेंदिवस गेली. रुग्णालयांसारखे अत्यावश्यक फीडर (एकेका भागाला वीज देणाऱ्या लाइनी) सोडल्यावर आळीपाळी करायला फीडरच पुरेसे उरले नाहीत. त्यानंतर त्याच वर्षीच्या टेक्सासच्या सिनेट बिल ३ या कायद्याने वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची केली. त्यामुळे हा धोका कमी झाला आहे, संपलेला नाही.

दुसरा, स्थानिक. २०२३च्या फेब्रुवारीत ऑस्टिनमध्ये वीज भरपूर होती, पण गोठत्या पावसाने ओक आणि सीडरच्या फांद्या मोडून तारांवर पडल्या आणि लाखाहून जास्त ग्राहक अंधारात गेले. असा प्रकार ईआरकॉटच्या अ‍ॅपवर दिसणार नाही. घरावरून जाणाऱ्या तारेवर झुकलेली फांदी असेल तर ती आत्ताच कापून घ्या. पाव इंच बर्फसुद्धा फांद्या मोडायला पुरतो.

आणि हो, राष्ट्रीय हवामान सेवेने २०२४च्या शरदापासून "हार्ड फ्रीझ वॉर्निंग" हे नाव काढून सगळं "फ्रीझ वॉर्निंग"मध्ये घातलं आहे. त्यामुळे नावावरून अंदाज करू नका. आत लिहिलेला किमान तापमानाचा आकडा आणि ३२च्या खाली किती तास, हे दोन्ही वाचा.

तुम्ही पाइप रिकामे करून गेलात तर वीज गेली काय नि राहिली काय, घराचं मोठं नुकसान होत नाही. म्हणून @जलवाहिनीशी सहमत. वाय-फायवरचा तापमानाचा सेन्सर लावत असाल तर लक्षात घ्या, वीज गेली की राउटरही जातो. सूचना न येणं म्हणजे सगळं ठीक असं नाही. राउटरला छोटा यूपीएस द्या.

प्लेनोकर

सगळ्यांचे आभार. मेन बंद करूनच जाणार. शेजारच्या काका-काकूंकडे किल्ली ठेवतोय. त्यांना नेमकं काय सांगून ठेवू? आणि बाहेरचे नळ, स्प्रिंकलर राहिले.

जलवाहिनी

बाहेरचे नळ: होज (बागेची रबरी नळी) काढून ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. न गोठणारे म्हणून विकले जाणारे लांब दांड्याचे नळही होज लावलेला राहिला तर फुटतात, कारण आतलं पाणी बाहेर पडायला वाटच नसते. भिंतीच्या आत फुटतात, त्यामुळे मार्चमध्ये झाडांना पाणी घालायला नळ उघडेपर्यंत कळत नाही. फोमची टोपी लावा, पण नळ रिकामा असेल तरच तिचा काही उपयोग. तुमचे नळ उघडे राहणार असल्याने टोपी नसली तरी चालेल.

स्प्रिंकलर: कंट्रोलर बंद. स्प्रिंकलरचा वेगळा व्हॉल्व्ह बंद. घराबाहेर जमिनीवर उभं पितळी बॅकफ्लोचं (स्प्रिंकलरचं पाणी उलटं मागे जाऊ न देणारं) यंत्र असेल तर त्याच्या बाजूचे छोटे टेस्ट कॉक चपट्या स्क्रूड्रायव्हरने पाव फेरा फिरवून पाणी सोडा, आणि त्याचे दोन्ही बॉल व्हॉल्व्ह ४५ अंशांत तिरके ठेवा. पूर्ण बंद ठेवले तर बॉलच्या पोटात अडकलेलं पाणी गोठून पितळ चिरतं. मग वरून जुना टॉवेल आणि प्लॅस्टिकची पिशवी. यंत्र जमिनीतल्या पेटीत असेल तर पेटीवर पालापाचोळा किंवा फोम टाकून झाकण लावा.

शेजाऱ्यांसाठी एका कागदावर मोठ्या अक्षरांत: मेन व्हॉल्व्ह कुठे (फोटोसह), विजेचं पॅनेल कुठे, गॅस बंद करायचा कॉक कुठे, तुमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर, विम्याचा पॉलिसी क्रमांक. थंडीच्या दिवसांत एक फेरी आणि थंडी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी एक फेरी. ही दुसरी जास्त महत्त्वाची. पाहायचं काय: छतावर पिवळट डाग किंवा फुगा, गालिचा ओला, थर्मोस्टॅटवर आकडा.

छत पाण्याने फुगलेलं दिसलं तर त्याखाली उभं राहायचं नाही. आधी त्या खोलीचा ब्रेकर बंद, मग बाजूला उभं राहून फुग्याच्या मधोमध लांब स्क्रूड्रायव्हरने छोटं भोक, खाली बादली. पाणी एका जागेतून निघालं तर अख्खं ड्रायवॉल (छताच्या जिप्समच्या फळ्या) कोसळत नाही. जमिनीवर पाणी साचलं असेल आणि पॅनेलपर्यंत जायला त्यातूनच जावं लागत असेल तर जायचंच नाही, फायर विभागाला बोलवायचं.

ह्यूस्टनवाली

आमच्याकडे टँकलेस हीटर (टाकीशिवाय लगेच पाणी तापवणारा, बाहेरच्या भिंतीवर) आणि पोहण्याचा पूल आहे. घरातच असणार आहोत. वीज गेली तर?

जलवाहिनी

टँकलेसमध्ये गोठू नये म्हणून आत छोटे हीटर असतात, पण ते विजेवर चालतात. म्हणजे ज्या रात्री गरज, त्याच रात्री ते मेलेले. वीज गेली आणि बाहेर ३२च्या खाली असेल तर: युनिट बंद, गॅस बंद, खालचे गरम आणि थंड पाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मग त्यांच्या बाजूच्या सर्व्हिस कॉकची टोपणं काढून कॉक उघडा, खाली बादली. थंड पाण्याच्या तोंडाची जाळी काढा, तिथेही पाणी अडतं. आतला तांब्याचा हीट एक्स्चेंजर फुटला तर बहुतेक वेळा नवा हीटरच घ्यावा लागतो, म्हणून ही दहा मिनिटं आळस करू नका.

पूल: वीज आहे तोपर्यंत पंप सतत चालू, सगळे व्हॉल्व्ह थोडे उघडे, म्हणजे प्रत्येक फांदीत पाणी फिरतं. वीज गेली की तासा-दोन तासांत पंप, फिल्टर, हीटर यांचे ड्रेन प्लग काढून पाणी सोडा. काढलेले प्लग सगळे पंपाच्या टोपलीत ठेवा, म्हणजे परत लावताना शोधाशोध होत नाही. ब्रेकर पाडा, नाहीतर वीज आल्यावर पंप कोरडा फिरेल. पूलचं पाणी मात्र फेकू नका. घरचा दाब गेला तर कमोडला तेच उपयोगी, एका फ्लशला दीडेक गॅलन लागतं.

तारयंत्र

@ह्यूस्टनवाली, वीज गेल्यावर घरात शेगडी, बार्बेक्यू, कोळसा पेटवायचा नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत गाडी चालू ठेवणंही नाही. ह्यूस्टनमध्ये २०२१ला कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली ती अशीच. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब आणि धूर खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला. बॅटरीवर चालणारा मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांबाहेर हवाच. १,५०० वॉटचा स्पेस हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. एक्स्टेंशनच्या पट्टीत लावला की पट्टी वितळते. आसपास तीन फूट मोकळे.

कुंडीतली_बाग

कढीपत्ता: ३२च्या जवळ पानं काळी पडतात, म्हणून कुंड्या गॅरेजमध्ये, वॉटर हीटरच्या बाजूच्या भिंतीला, पण हीटरपासून तीन फूट लांब. तीन आठवडे अंधारात पानं गळतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मार्चमध्ये खोडातून फुटतो. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी द्या, निघताना चिखल नको. कुजलेलं मूळ थंडीपेक्षा लवकर झाड मारतं.

तुळस ५०च्या खालीच रुसते. तिला घरात, दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. मंजिऱ्या खुडून बी डबीत ठेवलेलं बरं. मोगरा त्यातल्या त्यात काटक, गॅरेजमध्ये आरामात राहतो.

जमिनीतली लिंबू-संत्र्याची झाडं: कलमाच्या सांध्याच्या वर फूटभर माती चढवा. वरचं सगळं गेलं तरी सांधा वाचला तर झाड तुमचंच राहतं. नाहीतर खालून फुटतं ते खुंटाचं आंबट रानटी. चादर घालायची तर जमिनीपर्यंत, म्हणजे मातीची ऊब आत राहते. झाडाच्या शेंड्याला गाठ मारून बांधलेली चादर निरुपयोगी. प्लॅस्टिक पानाला टेकलं तर तिथेच पान जळतं. जुन्या पद्धतीचे काचेचे ख्रिसमस दिवे आत सोडले तर दोन-चार अंशांचा फरक पडतो. एलईडीचा काही उपयोग नाही. थंडीनंतर काळ्या फांद्या लगेच छाटू नका, नवी पालवी दिसू दे, मग जिवंत कुठवर ते कळतं.

सरळमार्गी

बर्फ किती पडेल यावर काही बदलतं का? २१ जानेवारी २०२५ला न्यू ऑर्लीन्सला ८ इंच पडला, लुइझियानाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच ब्लिझर्ड वॉर्निंग (हिमवादळाची सूचना) लागली. तसं डॅलसला झालं तर?

हवाबंद

पाइपसाठी नाही. भुसभुशीत हिम खरं तर पांघरूणच घालतं. छताला ८ इंचांचा भार जड नाही. बाहेरच्या युनिटच्या चारी बाजूंनी आणि फर्नेसच्या भिंतीतल्या पांढऱ्या नळ्यांच्या तोंडापासून ते हाताने बाजूला करा, एवढंच. घातक असतो तो गोठता पाऊस: वर उबदार थर, खाली गार जमीन, पाणी टेकल्या टेकल्या काच होतं.

@प्लेनोकर, विमानतळावरून घरी येताना हे लक्षात असू द्या. उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो. ११ फेब्रुवारी २०२१ला फोर्टवर्थच्या आय-३५डब्ल्यू महामार्गावर पहाटे १३०हून जास्त गाड्या एकमेकांवर आदळल्या, ६ जण गेले. हिम नव्हतंच, नुसती गोठती भुरभुर. अशा दिवशी पोहोचलात तर विमानतळाजवळच्या हॉटेलात एक रात्र काढणं स्वस्त.

मीठ १५-२० फॅरनहाइटच्या खाली जवळपास काम करत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराइड. दारासमोरच्या पायऱ्यांवर पकडीसाठी वाळू. गाडीच्या काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकते आणि ओघळलेलं पाणी दाराच्या रबरात गोठतं.

प्लेनोकर

परत आल्यावर मेन उघडताना काही क्रम?

जलवाहिनी

आहे. आधी अ‍ॅटिक आणि सिंकखाली टॉर्च मारून तडे, फुगलेले सांधे बघा. बाहेरचा नळ, शॉवर आणि बाकी सगळे नळ बंद; सर्वांत लांबचा एक नळ उघडा ठेवा आणि त्याच्या तोंडाची जाळी काढा, सुरुवातीला गाळ येतो. मेन पाव फेराच उघडा आणि घरात शांत उभे राहा. भिंतीत फुसफुस ऐकू आली तर लगेच बंद. हवा फुर्रफुर्र करत निघून धार सलग झाली की पूर्ण उघडा. मग एकेक नळ, दोन्ही बाजू. गरम पाण्याची धार सलग आल्यावरच हीटर नेहमीच्या आकड्यावर.

त्यानंतर सगळे नळ बंद करून मीटरचं झाकण उघडा. तबकडीवर एक छोटा त्रिकोण किंवा चक्री असते. डिजिटल मीटर असेल तर प्रवाहाचा आकडा. घरात एकही नळ चालू नसताना ती अर्धा तास स्थिर राहिली तर पाइप शाबूत आहेत. हळूहळू जरी फिरत असली तर आधी कमोडच्या टाक्या भरून झाल्यात का पाहा. त्याही शांत असतील तर कुठेतरी भिंतीत गळतंय. मेन परत बंद करून प्लंबरला बोलवा, आणि तो येईपर्यंत बॅगा उघडू नका.